चिठ्ठीवर अखंड

“बघ गं, बाहेर हिरवा, आत गुलाबी. कलिंगडाची फोडच.”

चाळीस वर्षांपूर्वी गिरगावातल्या खिडकीशी टूरमलीनचा स्फटिक उजेडात धरून यशोदाबाई म्हणाल्या होत्या. मीराबाईंना दगडांचं वेड लागलं ते तिथून.

आज तोच स्फटिक दादरच्या सभागृहातल्या प्रदर्शनात काचपेटीत उभा होता. यशोदाबाई आता नव्हत्या. त्यांचा मुलगा चिंतामणी उद्या तो संग्रहालयाला देणार होता. शेजारी त्याच्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी: ‘अखंड. कुठेही जोड नाही.’

“चिठ्ठी खोटी आहे,” मीराबाई म्हणाल्या.

संग्राहक मंडळाच्या सचिव सुरुचीनं त्यांना बाजूला घेतलं. जोडलेला स्फटिक जोडलेला म्हणूनच लिहायचा, हा मंडळाचा पहिला नियम. आरोप फसला तर सभासदत्व जाईल, हे तिनं मऊ शब्दांत समजावलं. लालबागहून लाडवाच्या डब्यांत, कापसावर निजवून आणलेले मीराबाईंचे एकतीस स्फटिकही मग प्रदर्शनातून उठतील. आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन जमवलेले.

“उठू देत. माणूस जातो गं, चिठ्ठी राहते. खोटी कशाला राहावी?”

चिंतामणी हसत पुढे आला. “मीराबाई, लालबागला मसाला कुटतात. स्फटिक नाही.”

“म्हणून तर भेसळ लगेच कळते.”

आजूबाजूला हशा पिकला. चिंतामणीचा चेहरा उतरला. हा स्फटिक आईनं खाणवाल्याकडून स्वतः पारखून घेतला होता आणि तो कधी घराबाहेर गेला नव्हता, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. शेवटी आईच्या नावाखातर त्यानंच पेटी उघडली. काचेच्या भांड्यात अॅसिटोन ओतून स्फटिक त्यात बुडवला. दगडाला ते काही करत नाही, गोंद मात्र विरघळवतं.

लोक चहाला पांगले. मीराबाईंच्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. त्या खुर्चीवर ताठ बसून राहिल्या, नदीकाठच्या बाभळीसारख्या.

दोन तासांनी सुरुचीनं चिमट्यानं स्फटिक उचलला. वरचा अर्धाच वर आला.

चिंतामणीनं भांड्यात उरलेला अर्धा भाग बाहेर काढून पाहिला. आईनं एवढी मोठी गोष्ट लपवली कशी, एवढंच तो पुटपुटला. सुरुचीनं मीराबाईंची माफी मागितली. यापुढे परीक्षक म्हणून तुम्हीच बसा, असा आग्रह धरला. मग जरा थांबून विचारलं, बंद पेटीतून नेमकी कोणती खूण दिसली?

“खूण नाहीच. तो जोड कुणाच्या बापाला दिसला नसता.” मीराबाई उठल्या आणि थेट चिंतामणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “आईला दोष देऊ नका, त्यांना ठाऊकच नव्हतं. तुम्ही तेव्हा होस्टेलवर होता. मी तुमच्याकडे केर-फरशीला होते. कपाट पुसताना तो माझ्या हातून पडला, आणि मीच चिकटवून ठेवला.”