छान, मर्ल!

“थांब, थांब! आत घाल तो. आज ‘छान’ चालायचं नाही.”

ग्वेंडा ओरडली तेव्हा मर्ल चेंडू उचलायला वाकलीच होती. चेंडू भोकापासून वीतभर. तिने जीभ चावली, काठीने त्याला आत ढकललं आणि मग भोकातून काढून घेतला.

“काय मेली सवय लागलीये!”

“मीच लावली ना,” ग्वेंडा हसली. “आता मीच राखण करते. तू नुसती खेळ.”

यारामिन गावच्या बायकांचं गोल्फ बुधवारचं. चेंडू भोकाजवळ थांबला की जोडीदारणीने ‘छान’ म्हणायचं, म्हणजे एक फटका धरायचा आणि चेंडू उचलायचा. वेळ वाचतो, कंबरही वाचते. ग्वेंडा पास्को मात्र वर्षानुवर्षं असलं काही द्यायची नाही. चार बोटांवरचा चेंडूसुद्धा आत घालायला लावायची. नव्या बायका तिच्या जोडीला जायला घाबरायच्या. यंदा एप्रिलपासून बाई अचानक विरघळली. दर बुधवारी मर्लची जोडी स्वतःहून मागून घेतली, आणि वीतभर काय, हातभर अंतरावरूनही ‘छान’! वय झालं, मऊ पडली, असं सगळ्या म्हणाल्या. मर्ललाही बरंच वाटलं.

पण अजिंक्यपदाच्या दिवशी प्रत्येक चेंडू भोकात पडलाच पाहिजे. सकाळी कॅप्टन डॉटने बाकावर चढून बजावलं होतं, “चुकून उचललात तर परत जा, दंडाचा एक फटका घ्या आणि आत घाला. पण एकदा फटक्यांचं कार्ड सही करून पेटीत पडलं की बाद म्हणजे बाद. माझ्या खांद्यावर रडायला यायचं नाही!”

मर्लला हे अजिंक्यपद हवं होतं, आणि यंदाच हवं होतं. क्लबातल्या लाकडी फळ्यावर विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत रंगवायची. हे काम सव्वीस वर्षं तिच्या नवऱ्याने, क्लाइव्हने केलं. ग्वेंडाचं नाव त्याने अकरा वेळा काढलं, बायकोचं एकदाही नाही. “तुझं आलं ना, की दुप्पट मोठं काढीन. कमिटी बसू दे बोंबलत,” म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. आता मर्लचं घर विकलं गेलं होतं, आणि पुढच्या महिन्यात ती कायमची पर्थला, मुलीकडे. क्लाइव्हचा बारीक ब्रश तिने आज काठ्यांच्या पिशवीत ठेवला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त ग्वेंडाला सांगितलं होतं.

वारा गव्हाच्या शेतांकडून येत होता, थंडगार. मर्ल मात्र झकास खेळत होती. चौथ्या भोकापाशी ती पुन्हा वाकली, नवव्यालाही वाकली. दोन्ही वेळा ग्वेंडाने तिला वेळेवर थांबवलं. मध्ये थर्मासमधला चहा पाजला, अंड्याचं सँडविच खायला लावलं.

“अगं, तू माझी जोडीदारीण की आई?” मर्ल म्हणाली.

“बारावं घेऊन मी काय करू? यंदा तुझंच नाव लागू दे बाई.”

मर्लला भरून आलं. इतकी वर्षं आपण हिला उगाच खडूस म्हणत आलो, असं तिला वाटलं.

शेवटच्या भोकाला आल्या तेव्हा मर्लचे फटके ग्वेंडापेक्षा दोनाने कमी, म्हणजे तीच पुढे होती. बाकीच्या कधीच क्लबात पोचल्या होत्या. यारामिनला पाणीच नाही तर भोकाभोवती हिरवळ कुठली, तेल घालून दाबलेली काळी वाळू. ग्वेंडाने चार फटक्यांत संपवलं. मर्लचा चौथा फटका त्या वाळूवरून सरळ रेघ काढत गेला आणि भोकाच्या चार बोटं अलीकडे थांबला.

“छान, मर्ल! छान!” ग्वेंडा दोन्ही हात पसरून धावली.

मर्लने चेंडू उचलला, खिशात घातला आणि तिच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. जरा वेळाने तिला वाळूची आठवण झाली. वाळू विस्कटून जाणाऱ्यांना ग्वेंडाच फैलावर घ्यायची. मर्लने ती सारखी करायचा लाकडी पाटा उचलला.

“राहू दे गं,” ग्वेंडाने तो काढून घेतला. “आपल्या मागे कोण आहे? चल, गारठलीस.”

क्लबात ग्वेंडाने मर्लच्या कार्डावर पाच लिहिले. दोघींनी सह्या केल्या.

“टाकलंस ना पेटीत?” तिने विचारलं. जरा वेळाने पुन्हा विचारलं, “नक्की टाकलंस ना?”

“टाकलं गं बाई!”

डॉटने बेरजा केल्या, चमच्याने कप वाजवला आणि मर्लचं नाव घेतलं. एका फटक्याने! ग्वेंडा दुसरी. बायकांनी टेबलं बडवली. मर्ल पुढे आली, तिने ब्रश काढून डॉटच्या हातात दिला. “नाव यानेच रंगवा,” एवढंच तिला बोलता आलं. दोघी-तिघींनी डोळे पुसले.

ग्वेंडाने हात वर केला.

“डॉट, मनाला पटत नाही म्हणून बोलते. मर्लचा शेवटचा चेंडू आत पडलाच नाही. तिने तो उचलला.”

डॉटने चष्मा काढला. “मग तू सही कशी केलीस?”

“माझ्याच नादात होते. आत्ता चहा पिताना लक्षात आलं.”

“तू ‘छान’ म्हणालीस!” मर्ल म्हणाली. “ग्वेंडा, तूच म्हणालीस ना?”

“फटका छान होताच गं,” ग्वेंडा म्हणाली. “डॉट, वाळू मी तशीच ठेवलीये, चेंडूची रेघ कुठे थांबली ते जाऊन बघून ये. आणि तो ब्रश परत देऊ नकोस, लागेल.”