सांगितलं तेवढंच

"आता मी बेबीनंदा बाई नाही," बाईंनी दहावीच्या वर्गाला सांगितलं. "मी कंप्युटर आहे."

पोरं हसली. अख्ख्या वाटूर गावात कंप्युटर कोणी पाहिला नव्हता. बाईंनी पाहिला होता, मुंबईच्या एका शिबिरात, काचेच्या पलीकडून आणि तोही पाच मिनिटं. तेवढ्यावर त्या दर शनिवारी गणिताचा शेवटचा तास त्याच्या नावाने घेत, आणि त्या तासाला एकही पोरगं घरी पळत नसे.

"बाई, लई हुशार असतो का हो तो?" संपतने विचारलं.

"बिलकुल नाही. अक्कल शून्य. पण सांगाल ते बराबर करतो. सांगितलं नाही ते मात्र काही केल्या करत नाही. चल, मला फळा पुसायला सांग."

"फळा पुसा."

बाईंनी नुसता तळहात फळ्यावर फिरवला आणि पांढराफट्ट झालेला हात वर्गाला दाखवला. डस्टर टेबलावर तसंच पडलेलं. वर्ग खदाखदा हसला.

"डस्टर घ्या, हे कोणी सांगायचं? चूक माझी का संपतची?"

"संपतची!"

मग द्वारका उठली. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी. बाईंची नेमणूक एका वर्षाची होती. पुढच्या वर्षाची ऑर्डर निघायची तर द्वारकाच्या काकांच्याच सहीने.

"बाई, मी तुम्हाला पाणी प्यायला सांगते. सहा पायऱ्या लिहिल्यात. यात एक बी चूक सापडायची न्हाई."

"वाच."

"एक. वर्गाच्या बाहेर जा. दोन. व्हरांड्यातल्या माठापाशी उभं राहा."

बाई निघाल्या. पोरं दारात, खिडकीत लोटली.

व्हरांड्यात तिवईवर माठ होता, वर थाळी, आणि खुंटीला लांब दांड्याचं वगराळं. शेजारी स्टुलावर कचरू शिपाई बसलेला. गावातली पोरं आपल्या हाताने वगराळं बुडवून पाणी घेत. बौद्धवाड्यातल्या पोरांनी ओंजळ धरायची आणि कचरूने वरून धार सोडायची. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. संपत पाचवीपासून ओंजळ धरत आला होता. बाईही जालन्याच्या तसल्याच वस्तीतल्या. शाळेत लागल्यापासून तीन महिने त्या खोलीवरून फिरकीच्या तांब्यात स्वतःचं पाणी आणत होत्या. का आणता, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"तीन. माठावरची थाळी काढा."

बाईंनी थाळी काढली. कचरू ताडकन उठला.

"ओ बाई, काय करून राह्यलात? म्या देतो ना वरून."

बाईंचा हात अधांतरी राहिला. या सहा पायऱ्या कुठे जाऊन पोचणार, हे त्यांना वर्गातून निघतानाच कळलं होतं. हसून 'झाला तास' म्हटलं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. त्यांनी मान वळवली नाही.

"कचरूमामा, मशीन आपल्या मनानं माघारी फिरत नसतं. सांगणारीला सांगा."

कचरू द्वारकाकडे वळला. "आक्के, बाईला वर्गात बोलव. जल्दी. तुला कळून न्हाई राह्यलं का?"

द्वारकाने हातातला कागद पाहिला. मग खिडकीच्या गजांना धरून उभा असलेला संपत पाहिला. तिचे कान लाल झाले. पाणी कसं प्यायचं म्हणून तिने जे लिहिलं होतं, ते फक्त तिचं पाणी पिणं होतं. इतकी साधी गोष्ट, आणि ती तिला आत्ता दिसत होती.

व्हरांड्यात कोणी हालेना. बाई थाळी धरून माठापाशी तशाच उभ्या होत्या. पोरगी कागद फाडेल तरी, नाहीतर पुढचं वाचेल तरी. काय करायचं ते तिनेच ठरवायचं होतं.

"चार," द्वारका वाचू लागली. आवाज आधी चिरकला, मग चढला. "खुंटीवरचं वगराळं घ्या. पाच. वगराळं माठात बुडवा."

बाईंनी बुडवलं. माठातून डुबुक् असा आवाज आला.

"सहा. पाणी प्या."

बाई प्यायल्या. घाई न करता, मान मागे टाकून, पूर्ण वगराळंभर. पाणी गार होतं, आणि माठाच्या मातीचा किंचित वास होता त्याला.

"चूक सापडली का कोणाला?" त्यांनी विचारलं.

"मला सापडली," द्वारका म्हणाली. ती दारातली गर्दी सारून पुढे आली होती. "सातवी लिहायची राह्यली. वगराळं संपतला द्या."

संपत खिडकीपासून आला. सवयीने त्याची ओंजळ वर यायला लागली होती, ती त्याने खाली घेतली. वगराळं धरलं, कचरूकडे एकदा पाहिलं आणि माठात बुडवलं. तो प्यायला, तसं त्याच्या हातातून ते द्वारकाने घेतलं, भरलं आणि तीही प्यायली.

तिच्या मागे आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. मग तिघं. बाकीचे दारातच घुटमळत राहिले.

कचरूच्या हातात आता काहीच नव्हतं. तो स्टुलापाशी उभा होता.

"आक्के," तो म्हणाला, "तुझ्या काकाला सांगतो म्या हे. आजच सांगतो."

द्वारकाने हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

"सांगा ना मामा. पन पहिल्यापासून सांगा. मधली एक बी पायरी गाळू नका."