आदरार्थी बहुवचन

“मशीन थांबवा!” मुद्रितशोधक जिन्यावरूनच ओरडले.

प्लेटा चढल्या होत्या, कागद लागला होता. कादंबरीचा पहिला फर्मा, म्हणजे पहिली सोळा पानं, आता सुटणारच होता, आणि रविवारी प्रकाशन. छापखान्याच्या मालकांनी कपाळाला हात लावला. पहिला छापील कागद हातात घ्यायला लेखिका मुद्दाम आली होती.

“काय राहिलं, काका? काना की मात्रा?”

“शुद्धलेखन चोख आहे, बाई. चार वेळा वाचलं, तरी मलाही दिसलं नाही.” त्यांनी मुद्रितं टेबलावर पसरली. बोट भराभर धावू लागलं. “इथं डॉक्टर आले. इथं वकीलसाहेब बसले. हा पंचविशीतला इंजिनियर, त्यालासुद्धा ‘ते म्हणाले’. आणि तुमचे प्लंबर? सत्तरीचे गृहस्थ. पहिल्यापासून शेवटपर्यंत तो आला, तो वाकला, तो हसला. बरं, हे कुणा पात्राच्या तोंडी नाही. हे तुम्ही बोलताय.”

लेखिका लालबुंद झाली. “म्हणजे माझ्या मनात आकस आहे? अहो, पुस्तकभर सगळ्यांत जास्त जीव मी त्याला लावलाय!”

“त्याला,” मुद्रितशोधक हळूच म्हणाले.

लेखिकेनं खुर्ची ओढून पेन उघडलं. “मालक, प्लेटा उतरवा.”

संगणकावर एका फटक्यात काम होईना. पुस्तकात पूलही ‘तो’ होता, रस्ताही ‘तो’ होता. एकेक ‘तो’ हातानं वेचावा लागला. काका वाचत होते, ती बदलत होती. आलाचं आले, वाकलाचं वाकले. चाळिसाव्या पानावर ती एकदम उठूनच उभी राहिली.

“ऐका, ऐका! ‘घरात पाहुणे होते म्हणून ते मागच्या दारानं आले.’ काका, हे वाक्य आता टिकतच नाही हो! ते कशाला मागच्या दारानं येतील?” तिनं ‘मागच्या’ खोडलं आणि ‘पुढच्या’ लिहिलं. पेनाचं टोक कागदात रुतलं.

संध्याकाळी मशीन धडधडू लागलं. ओल्या शाईचा कागद एका हातात धरून तिनं फोन लावला. त्या आवाजात तिला ओरडूनच बोलावं लागलं.

“बाबा, तो नळ राहू द्या, पाना ठेवा खाली आणि ऐका! रविवारी माझ्या पुस्तकाचं प्रकाशन आहे. तुम्हाला बोलवायचंच राहिलं होतं.”