अंदाजाचा श्वास

“नेट गेलं की त्यांच्या छातीवरची श्वास टिपणारी पट्टी मुकी होते, स्पीकर नुसत्या अंदाजाने श्वास ऐकवतो. खिडकीतून रोज बघत जा हं,” सिस्टरांनी बजावलं होतं. मृदुलाने ते हसण्यावारी नेलं. क्षयामुळे मागच्या खोलीत वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याचा, हेमंतचा, श्वास स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर ऐकू यायचा. त्या लयीत बाळही निजायचं.

आज तिने मिरचीची फोडणी दिली. तिचा तिखट धूर मागच्या खोलीपर्यंत गेला. तिला ठसका लागला, बाळ खोकलं, कुंपणापलीकडून काकू ओरडल्या, “अगं, मारतेस की काय आम्हाला!”

स्पीकरमधला श्वास मात्र संथ चालूच होता.

मृदुलाने बाळाला घट्ट धरलं.

“काकू, मला धीर होत नाहीये. खिडकीतून ह्यांना जरा हाक मारून बघता?”