उजवीकडचा हाशिया

दहावी ‘ब’च्या फोटोत एक्कावन्न चेहरे होते. खुर्च्यांवर चौदा, त्यांच्यामागे उभे एकोणीस आणि बाकांवर चढलेले अठरा. रुचिताने कंपासपेटीतली स्टीलची पट्टी काढली आणि तिचं टोक एकेका चेहऱ्यावर टेकवत तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एक्कावन्न. हजेरीपटावर नावं बावन्न होती आणि फोटोच्या दिवशी गैरहजर कुणीच नव्हतं.

“मेघाली कुठंय यात?” तिने मोठ्याने विचारलं.

गुरुवारचे शेवटचे दोन तास चालू होते. डोंबिवलीतल्या या शाळेने कलेचा इतिहास आणि वार्षिकांकाची मांडणी असे दोन विषय एकाच वर्गात बसवले होते. आधी जुनी चित्रं बघायची, मग त्यांतून शिकलेलं अंकाच्या पानांवर करून बघायचं. विनिता मॅडम हे दोन्ही शिकवायच्या. आज शेवटचं प्रूफ हातात होतं आणि उद्या सकाळी अंक छापखान्यात जाणार होता.

“मेघाली तर माझ्या शेजारी उभी होती,” रुचिता म्हणाली. “बाकावर, अगदी टोकाला.”

प्रूफमध्ये टोकाला रुचिताच होती. जागृतीच्या खांद्यावर हात टाकून तिच्याकडे चांगलीच रेललेली, हसरी. तिच्या पलीकडे चित्राची चौकट सुरू होत होती. जाड हिरवी वेल आणि वेलीवर मोर.

“हाशिया आहे तो,” संगणकापाशी बसलेला सर्वेश म्हणाला. अंकाची पानं तोच लावत होता. “मॅडमनीच शिकवलाय. जुन्या चित्रांना असतो तसा.”

रुचिताने पट्टी लावली. “बाकी सगळ्या पानांवर हाशिया बारा मिलिमीटर. या पानावर डावीकडे बारा, आणि उजवीकडे?” तिने पट्टी सरकवली. “अठ्ठेचाळीस. मोर काय भात खाऊन सुजलाय का रे?”

वर्ग हसला. सर्वेश हसला नाही.

“माझा अर्धा खांदापण गेलाय त्यात. पण माझं सोड, ती अख्खी गायब आहे. चुकून झालंय म्हणू नकोस.”

“नाही म्हणत. मुद्दामच केलंय.”

“ऐकलंत मॅडम? वर तोंड करून सांगतोय!”

“का केलंस सर्वेश?” मॅडमनी विचारलं.

सर्वेशने मागच्या बाकाकडे एकदा पाहिलं. तिथे मेघाली वहीच्या कोपऱ्याला घडी घालत बसली होती. “पान बरं दिसावं म्हणून,” तो म्हणाला.

रुचिताचे कान तापले. सहा वर्षं एका वर्गात काढलेली मुलगी, आणि हिच्यामुळे पान वाईट दिसतं? खेळांच्या पानावर मेघाली नव्हती, गॅदरिंगच्या पानावर नव्हती. आख्ख्या अंकात तिची एवढी एकच जागा होती, तीही या मुलाने मोराखाली घातली. वीस वर्षांनी कुणी हा अंक उघडला तर मेघाली या शाळेत होती हेच त्याला कळणार नाही.

“बरं दिसावं म्हणजे काय?” ती उठून उभी राहिली. “ती खाडीवरून येते म्हणून? पहाटे आजीबरोबर बाजारात मासळीच्या पाट्या लावून तशीच शाळेत येते म्हणून? वास येतो म्हणून?”

सगळ्या माना रुचिताकडे वळल्या. वासाचं कुणीच काही बोललं नव्हतं.

“ऱ्हाऊ दे ना गं,” मागून मेघाली हळूच म्हणाली. “मोर छान हाय.”

“का राहू दे? तू घाबरू नकोस. मी आहे ना.”

“मी घाबरत नाय.”

“मग गप्प का बसतेस? मॅडम, हाशिया काढायला लावा. आणि याचं नाव संपादक मंडळातून काढा. ज्याला माणसं झाकावीशी वाटतात त्याचं नाव पहिल्या पानावर कशाला?”

विनिता मॅडमनी चष्मा काढून पुसला. “सर्वेश, तुला आणखी काही सांगायचंय?”

“नाही.”

“मग रुचिताचं बरोबर आहे. तुझं नाव राहणार नाही. काढ तो हाशिया.”

“नक्की काढू?” त्याने विचारलं. त्याची नजर पुन्हा मागच्या बाकाकडे होती. मेघालीने मान खाली घातली.

“काढ म्हणतेय ना!” रुचिता म्हणाली.

सर्वेशने मोर उचलला, वेल बारा मिलिमीटरवर आणली आणि छापायची आज्ञा दिली. प्रिंटर घरघरू लागला.

तेवढ्या वेळात मॅडमनी मागच्या महिन्याच्या धड्याची आठवण काढली. त्या दिवशी त्यांनी दरबाराचं एक जुनं चित्र दाखवलं होतं. ‘चेहऱ्यांवर जाऊ नका,’ त्या म्हणाल्या होत्या, ‘चेहरे चितारी सांगेल तसे हसतात. माणसांमधली मोकळी जागा मोजा.’ रुचितानेच मोजली होती. राजा आणि राजपुत्र यांच्यात एकोणीस मिलिमीटर, राजा आणि त्याचा कुत्रा यांच्यात दोन. वर्ग किती हसला होता.

“आता हेही मोज,” मॅडम म्हणाल्या. “हाशिया नीट बसलाय का बघ.”

कागद अजून गरम होता. रुचिताने आधी चेहरे मोजले. बावन्न. मग हाशिया. चारही बाजूंना बारा.

मग तिची पट्टी बाकावरच्या रांगेवर आली. ‘पडाल रे, प्रत्येकाने शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवा,’ असं फोटोग्राफर ओरडला होता. रांगेत आता एकोणीस जण होते आणि डावीकडच्या शेजाऱ्याकडे गेलेले हात अठरा. डावीकडून सतरा हात खांद्यांवर टेकलेले होते. तिथे अंतर शून्य.

अठरावा हात मेघालीचा, हवेत उचललेला. त्याच्या बोटांपासून जागृतीकडे रेललेल्या रुचिताच्या खांद्यापर्यंत सात मिलिमीटर.