पाठमोरी आई

आमच्या वहिनीचं डोकं म्हणजे कमाल! घरच्या फोटोंच्या साइटसाठी तिने लावलेल्या जुनाट सर्व्हरची मेमरी इतकी कमी, की दोन फोटो एकदम आले तरी तो मान टाकायचा. मग तिने येणारे फोटो रांगेत लावायची सोय केली. पडद्यामागे एकेक फोटो आकाराने लहान होऊन साइटवर यायचा.

दुपारी मी आमच्या वारलेल्या आईचे फोटो चढवले. कॅमेरा दिसला की ती पाठ फिरवायची, त्यामुळे सगळे पाठमोरेच.

लहान झालेल्या पहिल्या फोटोत तिचा कान दिसला. दुसऱ्यात गाल.

"वहिनी, काय केलंस तू?"

"भाऊजी, मी फक्त आकार कमी केलाय," म्हणत तिने घाईने फोटो लहान करणारा प्रोग्राम बंद केला.

तरी रांग थांबली नाही. पुढच्या फोटोत आई समोर बघत होती. किती देखणी होती ती! नीट बघायला मी स्क्रीनकडे वाकलो.

त्याच्या पुढच्या फोटोत तीही वाकली होती.