मंजूर मजकूर

“नागरिकांनी घाबरून जाऊ नये,” हर्षाने माईकवर पुन्हा वाचले. माहिती खात्याने तिला इशारा द्यायला पाठवले होते.

जीप खालच्या वाड्यात शिरली होती. गणेशचवथीचा दुसरा दिवस. घराघरांतून आरतीच्या झांजा. कर्णा ऐकून माणसे दारात आली ती हसतच. माहिती खात्याचा स्वतःचा कर्णा जळला होता आणि दुरुस्तीचा प्रस्ताव पणजीत पडून होता. म्हणून ड्रायव्हर सगुणने नाटक मंडळाचा मागून आणलेला. त्यावर मंडळाचे नाव होते. जीपच्या दारावर अजून ‘केंद्रशासित प्रदेश’ होते. राज्य होऊन वर्ष उलटले तरी रंगाला मंजुरी नव्हती.

“बाय, आज नाटक खंयचें?” शिवदासने पडवीतून विचारले. आजूबाजूला हशा झाला.

“सरकाराक चवथीकूच वेळ गावलो?” कुणीतरी भर घातली.

हर्षाने वर पाहिले. वाड्याच्या डोक्यावर खाणीच्या मातीचा डोंगर, आणि त्याला अडवून धरणारा बांध. देऊळ तेवढे पलीकडच्या टेकडीवर, त्या मातीच्या वाटेबाहेर. सकाळी त्या बांधाला भेग गेली होती. ‘संध्याकाळपर्यंत तग धरला तर नशीब,’ असे इंजिनिअर फोनवर म्हणाला होता. साहेबांनी मजकूर मंजूर करताना मात्र ‘बांध’ हा शब्दच खोडला. सणाचे दिवस, पळापळ झाली तर जबाबदार कोण? उरले ते एवढेच : खबरदारीचा उपाय म्हणून सखल भागातील रहिवाशांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.

रस्त्याच्या कडेने व्हाळ वाहत होता. त्याचे पाणी पावसात नेहमीच लाल असते. आज त्यात ओल्या मातीचे गोळे येत होते. भाकरीएवढे.

तिने कागद मुठीत चुरगळला आणि माईक तोंडाशी धरला.

“आयकात. वयल्या बांधाक भेग पडल्या. चिखल खाली येतलो. भुरग्यांक घेवन वयर देवळांत चलात. आत्तांच्या आत्तां.”

हसू थांबले. पण पायरीवरून पाय कुणाचाच उतरला नाही. शिवदासची आई चंद्रावती पदराला हात पुसत पुढे आली. वाड्यात तिचा शब्द चाले, हे लोक तिला वाट देत होते त्यावरूनच कळत होते.

“गणपती घरांत बसला, बाय. पांच दिसांचो. ताका एकट्याक सोडून खंय वचूं?”

 साहेबांच्या कागदात गणपतीचे काय करायचे ते लिहिले नव्हते.

चंद्रावतीने जीपमध्ये डोकावून पाहिले. पुढच्या सीटवर हर्षाची अडीच वर्षांची मुलगी तेजू करंजीसारखी नेवरी खात बसली होती. हर्षाचे शेजारीपाजारी सगळे आपापल्या गावी चवथीला गेलेले. तेजूला ठेवायला आज एकही घर उघडे नव्हते.

“आनी बांध फुटपाचो जाल्यार,” चंद्रावती म्हणाली, “पोटच्या भुरग्याक घेवन कोण येता गे हांगा?”

बायकांनी माना हलवल्या. एक-दोघी आत वळल्यासुद्धा. झांजा पुन्हा सुरू झाल्या.

 बाई खरेच बोलत होती. एवढा वेळ आपण ओरडत होतो, आणि लोक आपले ऐकत नव्हते, तेजूकडे पाहत होते.

तिने व्हाळाकडे पाहिले. मग सगुणच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि तेजूला सीटला बांधू लागली. 

“हिला वर देवळात ने. पुजाऱ्याच्या घरी दे आणि तसाच परत ये. म्हाताऱ्या माणसांना न्यायचंय.”

“मॅडम, आनी तुमी?”

“जा रे!”

“तुमी बसात मगो. हांव उतरतां, सांगतां तांकां.”

“तुझंही नाटकच समजतील. जा म्हणते ना!”

जीप फिरली. तेजूच्या हातातली नेवरी रस्त्यावर पडली. हर्षा रिकाम्या हातांनी उभी राहिली. एकदा तिचा पाय जीपमागे उचललाही गेला, तिने तो परत टेकवला. सगळा वाडा हे बघत होता.

जीप पहिल्या चढणीला लागली आणि डोक्यावरचा कर्णा एकदम ओरडला.

“आई! आई गे! आई!”

सीटवर टाकलेला माईक बंद करायचा राहिला होता.

झांजा थांबल्या. आवाज वाड्यावरून, पोफळीवरून फिरून परत येत होता. आत गेलेल्या बायका पुन्हा बाहेर आल्या. एकीने अंगणातले मूल उचलले. का उचलले ते तिलाही कळले नसावे. मग दुसरीने.

चंद्रावती हर्षाकडे बघतच राहिली. मग मागे न वळता तिने देवाला न्यायला पाट मागवला. “शिवदास, पाट हाड.”

“आवय, पांच दिसांचो न्हय आमचो—”

“हाड म्हळें! तूं देवाक घे. हांव भुरग्यांक घेतां.”

थोड्या वेळाने शिवदास गणपती डोक्यावर घेऊन निघाला. त्याच्यामागे पोरे, गाठोडी, एक वासरू. चंद्रावतीने जाता जाता हर्षाचा दंड धरला.

“चल गे आतां. तुका आपयता न्हय तें?”

“तुम्ही व्हा पुढे.”

वाड्याच्या टोकाच्या चार घरांतली माणसे अजून बाहेर आली नव्हती, दारे बंदच होती. वरून हाक येतच होती, आता रडून घोगरी झालेली. “आले गं,” हर्षा म्हणाली. तो आवाज समोरच्या अंगणापर्यंतही गेला नाही.

तिने डोळे पुसले आणि पहिल्या बंद दारावर दोन्ही हातांनी मारायला सुरुवात केली.